त्वचेवर लाली कशी पसरते, ते स्वतःच्या हातावर असं पाहा

डास चावला की मधोमध गांध उठते आणि लाली मात्र चाव्यापासून चांगली लांबवर पसरते. जिथे काही टोचलंच नाही, तिथली त्वचा लाल का व्हावी? थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२७ मध्ये याची नीट मांडणी केली. त्यांनी वर्णन केलेला ‘तिहेरी प्रतिसाद’ घरीही पाहता येतो.

आधी मनगट ते कोपर यांमधला हाताचा आतला भाग निवडा. तिथे जखम, पुरळ किंवा इसब नको. पाच-दहा मिनिटं शांत बसा, कारण गार किंवा घामेजलेल्या हातावर फरक कळत नाही.

आता पट्टीच्या बोथट कडेने एकच रेघ ओढा. दाब ठाम हवा, पण सालटं निघता कामा नये. फार हलका हात फिरवलात तर उलट पांढरी रेघ उमटेल.

मग नुसतं बघत राहा. काही सेकंदांत रेघ लाल होते, कारण दाबामुळे तिथल्या मास्ट पेशींतून, म्हणजे त्वचेतल्या एका प्रकारच्या संरक्षक पेशींतून, हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. अर्ध्या-एक मिनिटात रेघेच्या दोन्ही बाजूंना फिकट, वेड्यावाकड्या कडेची लाली दिसू लागते. खरी गंमत इथे आहे. हिस्टामिन स्वतः एवढं लांब जात नाही. ते संवेदी चेतातंतूचं टोक चेतवतं. संदेश मज्जारज्जूकडे निघतो आणि वाटेतल्या फाट्यावरून त्याच तंतूच्या दुसऱ्या शाखांतून त्वचेकडे परतही येतो. तिथे सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात. म्हणजे वेदना आणि खाज मेंदूला कळवणारा तंतू त्वचेतला रक्तप्रवाहही बदलतो. मला शरीरशास्त्रातली ही फार सुंदर गोष्ट वाटते.

तिसरी पायरी काही मिनिटांनी येते: रेघ फुगते, कारण वाहिन्यांतून द्रव झिरपतो. ही सूज सगळ्यांनाच येत नाही.

त्वचा सावळी असेल तर लाली कमी दिसते. अशा वेळी दुसऱ्या हाताची बोटं पालथी टेकवून ऊब जाणवते का पाहा.

अॅलर्जीची गोळी घेतली असेल तर पसरणारी लाली फारशी दिसणार नाही, कारण ती गोळी हिस्टामिनची वाट अडवते. त्वचेवरच्या अॅलर्जी चाचणीआधी डॉक्टर काही दिवस ही औषधं थांबवायला सांगतात ते याचसाठी. या प्रयोगापायी मात्र स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका.

 

रेघ बहुधा तासाभरात विरते. हलक्याशा घर्षणानेही वरचेवर गांधी उठत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गांधींसोबत ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.