‘एवढी कशी ओ महाग झाली गाडी?’ शोरूममध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

सेल्सला लागल्यावर पहिल्या आठवड्यात मायलेज, बूट स्पेस, ग्राउंड क्लिअरन्स असलं सगळं पाठ करून घेतात. ते चार दिवसांत येतं. गिऱ्हाईक जो प्रश्न हमखास विचारतं, तो मात्र कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नसतो. ‘एवढी कशी ओ महाग झाली गाडी?’ मी २०१३ साली साताऱ्यात या नोकरीला लागलो, तेव्हा या प्रश्नावर नुसता हसायचो आणि चहा मागवायचो. चहा पिऊन माणूस निघून जायचा. उत्तर द्यायला शिकलो तेव्हा माझ्या गाड्या सुटायला लागल्या. (‘गाडी सुटणं’ म्हणजे विकली जाणं. हा शब्दही तुम्हाला लवकरच लागेल.)

सगळ्यात आधी, समोरचा माणूस कशाशी तुलना करतोय ते काढून घ्या. त्याच्या डोक्यात एक जुना आकडा असतोच. मेहुण्याने घेतलेली गाडी, साडूची गाडी. ऑक्टोबर २०१२ मध्ये आल्टो ८०० आली तेव्हा दिल्लीतली सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत (म्हणजे रोड टॅक्स, विमा धरण्याआधीची) होती २ लाख ४४ हजार. २०२५ च्या मार्चमध्ये आल्टो के-१० सुरू व्हायची ४ लाख २३ हजारांपासून. सप्टेंबरात जीएसटी उतरला आणि ती ३ लाख ७० हजारांवर आली. तेरा वर्षांत महागाई जवळपास दुप्पट झाली. महागाई मोजायचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ ला १०० धरला, तर तो २०२५ मध्ये १९० च्या वर गेला. त्या हिशेबाने २०१२ चे २ लाख ४४ हजार म्हणजे २०२५ चे पावणेपाच लाख. आणि तेव्हाच्या सगळ्यात स्वस्त आल्टोत एसीसुद्धा नव्हता. आताच्या आल्टोत सहा एअरबॅगा आहेत.

हे गणित मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी फार खूश झालो आणि लगेच एका गिऱ्हाइकाला ऐकवलं. तो एमआयडीसीत कंत्राटी कामावर होता. म्हणाला, ‘महागाई दुप्पट झाली, बरोबर आहे. माझा पगार कुठं दुप्पट झालाय?’ तेव्हापासून हे गणित मी तोंडावर फेकत नाही. ज्याचा पगार महागाईच्या मागे राहिला, त्याच्यासाठी गाडी महागच आहे. निर्देशांक काहीही म्हणो.

आता गाडीच्या आतला खर्च. हा भाग नीट समजून घ्या, कारण इथेच छोट्या गाडीचं कंबरडं मोडलं. एप्रिल २०१९ पासून एबीएस (करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं. त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीट बेल्टची सूचना, वेग वाढला की वाजणारा बझर आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० ला धुराचे सरकारी नियम बीएस-४ वरून थेट बीएस-६; मधली बीएस-५ ची पायरीच गाळली. २०२१ च्या अखेरीस शेजारच्या सीटलाही एअरबॅग लागली. एप्रिल २०२३ पासून धूर नुसता प्रयोगशाळेत नव्हे, रस्त्यावर चालत्या गाडीतही मोजायचा नियम आला. यातलं एकही वाईट नाही. महामार्गावरचे अपघात बघितलेला माणूस एअरबॅगेला नाव ठेवणार नाही. पण एबीएसचा किंवा एअरबॅगेचा खर्च वीस लाखांच्या एसयूव्हीला आणि चार लाखांच्या आल्टोला जवळजवळ सारखाच पडतो. वीस लाखांत तो दिसतही नाही. चार लाखांत तो बोंब मारतो. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव हेच वारंवार सांगत आलेत. छोट्या डिझेल गाड्यांचं तर बीएस-६ ने गणितच बसेना. धूर गाळायची यंत्रणाच इतकी महाग, की एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. आमच्याकडचे ऊस बागायतदार डिझेल स्विफ्टसाठी अजून हळहळतात.

दुसरी बाजूही आहे, ती कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. स्वस्त गाडीत नफा थोडा. तेवढ्याच कष्टात दहा लाखांची विकली तर कंपनीला जास्त, डीलरला जास्त, आपला इन्सेन्टिव्हही जास्त. म्हणून बेस मॉडेल शोरूममध्ये उभंच नसतं. गिऱ्हाइकाला दाखवलं जातं टॉप. सनरूफ उघडून पोरगं उभं राहिलं की बापाचं बजेट गेलंच समजा. मीही हे केलंय. आता पहिल्यांदा बजेट विचारतो, मग त्या बजेटातलं मॉडेल कागदावर लिहितो आणि नंतरच गाडीजवळ नेतो. मॅनेजर यावर नाराज असतो. असू दे.

आता ऑन-रोडचा कागद, म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंतच्या सगळ्या खर्चाचा हिशेब. तुमच्याबद्दलचं गिऱ्हाइकाचं मत याच्यावर ठरतं. समजा पेट्रोलची छोटी गाडी, एक्स-शोरूम ९ लाख. यात १८ टक्के जीएसटी आधीच आलेला आहे, म्हणजे मूळ किंमत सुमारे ७ लाख ६३ हजार आणि जीएसटी १ लाख ३७ हजार. या ९ लाखांवर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ९९ हजार. गिऱ्हाईक म्हणतं, ‘करावर कर?’ म्हणायचं, होय. डिझेल असती तर १३ टक्के. गाडी संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के; साखर कारखान्याचा किंवा पतसंस्थेचा माणूस आला तर हे आधीच सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी भांडण ठरलेलं. मग विमा, तो साधारण ४० हजार धरा. सप्टेंबर २०१८ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) एकदम भरावा लागतो, म्हणून हा आकडा डोळ्यांत भरतो. नंबर प्लेट, फास्टॅग, कर्ज असेल तर बोजा चढवण्याची फी मिळून आणखी काही हजार. सगळं धरून ९ लाखांची गाडी दारात येईपर्यंत साडेदहाच्या घरात.

याच कागदात ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची ओळ दिसली तर सावध व्हा. माझ्या पहिल्या नोकरीत ती सगळ्यांच्या बिलात छापलेलीच असायची. एका निवृत्त सुभेदारांनी शांतपणे विचारलं, ‘हे हँडल कशाचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालकाने ती ओळ मुकाट्याने खोडली. म्हणजे ज्याने विचारलं त्याचे वाचले, बाकीच्यांचे गेले. विमाही आपल्याच शोरूममधून घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. विचारलं तर खरं सांगा.

हप्त्याबद्दल मात्र कुणी विचारो न विचारो, स्वतःहून सांगा. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,६०० आणि व्याज १ लाख ९६ हजार. सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,९०० च्या आत, पण व्याज २ लाख ८१ हजार. गिऱ्हाईक हप्ताच विचारतं, आणि मुदत वाढवून हप्ता बसवून देणं हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. ‘बसला की हप्ता!’ म्हणून पेढे वाटतात. ८५ हजारांची गोष्ट पेढ्यांत विरघळते.

२०२५ चा गणपती मी विसरणार नाही. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू : ‘डिलिव्हरी थांबवा.’ एरवी गणपतीत गाड्यांना हार घालताना हात दुखायचे, त्या वर्षी यार्डात गाड्या धूळ खात उभ्या. मालक सेस (जीएसटीवरचा जादा कर) भरलेला स्टॉक मोजत बसायचे. २२ सप्टेंबरला, बरोबर घटस्थापनेला, छोट्या गाड्यांचा कर २८ टक्के आणि सेसवरून १८ वर आला आणि दसऱ्यापर्यंत जेवायला फुरसत मिळाली नाही. तेव्हा वाटलं, आता ‘महाग’ हा शब्द बंद होईल. दिवाळीनंतर तो परत आला.

गेल्या महिन्यात एक गुरुजी आले. २०१३ साली माझ्याकडूनच आल्टो घेतलेली, माझी तिसरी की चौथी गाडी. गुडघे दुखतात म्हणून ऑटोमॅटिक बघायची होती. मी कागद केला. त्यांनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या सुवाच्य अक्षरात एकेक रक्कम उतरवली : गाडीचे, सरकारचे, विम्याचे, बँकेचे. बेरीज दोनदा तपासली. मग म्हणाले, ‘बाळ, गाडीचे पैसे जमतील. बाकीच्यांचे जमत नाहीत.’ कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांची आल्टो पार्किंगमध्ये पहिल्याच सेल्फला सुरू झाली. तिचं पासिंग २०२८ पर्यंत आहे. फॉलो-अपच्या वहीत त्यांच्या नावापुढे मी तेच साल टाकलंय.