टेंडर मिळालं, बिल अडकलं! स्टाफला सरकारी कामाचं ट्रेनिंग देताना या चुका टाळा

अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी, ओरोस, कुठेही बघा, सरकारी ऑफिसांना माल देणाऱ्या छोट्या फर्ममधे टेंडर भरणारा एकच मुलगा असतो, त्याला सगळं येतं आणि बाकीच्यांना ओ की ठो नाही. मालकांच्या डोक्यात ट्रेनिंग म्हणजे पोर्टलवर फॉर्म कसा भरायचा एवढंच. पण खरं सांगू का, पैसे अडकतात ते माल पोचल्यानंतर. म्हणून ट्रेनिंगची सुरुवात ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यापासून नको, टेम्पोसोबत जाणाऱ्या माणसापासून करा.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पोच नीट न घेणं. मुलगा माल घेऊन जातो, भांडारपाल जेवायला गेलेला, शिपाई म्हणतो "ठेवा हितंच, साहेब रजेर आसत", हा ठेवून येतो आणि चलनावर कोणाची तरी नुसती कोंबडीसारखी सही. तीन महिन्यांनी लेखा शाखा विचारते माल कोणी घेतला, कधी घेतला, स्टॉक रजिस्टरला नोंद कुठाय? मग बसा शोधत. मुलाला चारच गोष्टी पाठ करून घ्या: चलनावर पुरवठा आदेशाचा नंबर, घेणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, ऑफिसचा शिक्का, आणि तारीख. तारीख का, तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात असं आहे की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल ज्या दिवशी दिला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात, आणि पैसे द्यायला करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. पण पोचवर तारीखच नसेल तर मोजायचं कुठून?

जेम म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरची ऑर्डर असेल तर कागदावरची पोच पुरत नाही, तिथे माल घेणाऱ्या अधिकाऱ्याने ऑनलाइन स्वीकृती द्यावी लागते, ज्याला सगळे सीआरएसी म्हणतात. त्याला १० दिवसांची मुदत असते. ही तारीख कोणाच्या तरी डायरीत हवी आणि त्या माणसाला माहीत हवं की फोन क्लार्कला नाही, ज्याच्या लॉगिनमधे ते अडकलंय त्याला करायचाय. अर्धी धावपळ चुकीच्या टेबलावर होते.

आता टेंडर भरणं. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या टेंडर पोर्टलवर सगळी कागदपत्रं अपलोड झाली, रेट भरले, मुलगा खूश होऊन घरी गेला आणि "फ्रीझ बिड सबमिशन" दाबलंच नाही. मग ते बिड, म्हणजे आपण भरलेलं टेंडर, गेलेलंच नसतं! नवीन माणसाला हे बटण एकदा समोर बसवून दाखवा आणि शेवटी जी पावती येते ती प्रिंट करून फाइलला लावायला सांगा, पावती नाही तर बिड नाही. रेट भरायच्या एक्सेल फाइलचं, म्हणजे बीओक्यूचं, नाव बदलायचं नाही, तिचे रकाने हलवायचे नाहीत, दिलेल्या जागीच आकडे. आणि मुदत संपते ती सर्व्हरच्या घड्याळाने, आपल्या भिंतीवरच्या नाही. जुलैत कोकणात लाइट आणि नेट दोन्ही कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवशी भरायचं हा प्रकारच बंद करा, फक्त शुद्धिपत्रक आलंय का हे शेवटच्या दिवशीपर्यंत बघत राहायचं, कारण मुदतवाढ पण त्यातच असते आणि बदललेली अट पण.

डिजिटल सही म्हणजे डीएससी माणसाच्या नावाची असते. ती एकाच कर्मचाऱ्याच्या नावावर काढली आणि तो पोरगा मुंबईला नोकरी लागून गेला की फर्म लटकली. सही मालकाच्या किंवा भागीदाराच्या नावाची ठेवा, टोकन कपाटात, आणि एक्सपायरी कॅलेंडरवर.

उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र जोडलं की अनामत रक्कम माफ, हे अर्धवट ज्ञान पण स्टाफच्या डोक्यातून काढा. नुसता माल आणून विकणाऱ्या ट्रेडरला उद्यम नोंदणी मिळते, पण २०२१ पासून ती फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती आहे, सरकारी खरेदीतल्या सवलती आणि वर लिहिलेला ४५ दिवसांचा नियम त्यांना धरून चालायचं नाही. तुम्ही बनवता की विकता, हे टेंडर भरणाऱ्याला माहीत पाहिजे, नाहीतर तांत्रिक लिफाफ्यातच बाहेर.

एक नाजूक विषय. एप्रिल-मे आला की कोणीतरी "ओळख राहू दे" म्हणून हापूसची पेटी साहेबांच्या घरी पोचवतो, दिवाळीला काजू. स्टाफला हे सहज वाटतं कारण आपल्याकडे आंबे वाटतातच. पण काम मिळवायला किंवा बिल काढायला दिलं तर ती लाच, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणारासुद्धा गुन्हेगार, सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि फर्मवरही येऊ शकतं. कोणी उघड मागितलंच तर मुलाने तिथल्या तिथे काही न बोलता मालकाला सांगावं, लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४. हे तोंडी नको, लिहून द्या.

बिल निघालं पण पैसे कमी आले म्हणून अकाउंटंट घाबरला तर आधी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, बघायला सांगा. जीएसटी सोडून अडीच लाखांच्या वरच्या कंत्राटाला सरकारी ऑफिस २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं, आयकराचा लागू असेल तर तो वेगळा. हे २ टक्के आपोआप मिळत नाहीत, जीएसटी पोर्टलवर जाऊन ते स्वीकारावे लागतात तेव्हा कॅश लेजरला येतात. तिथे एंट्री दिसतच नसेल तर ऑफिसने जीएसटीआर-७, म्हणजे या टीडीएसचं रिटर्न, भरलेलं नाही किंवा आपला जीएसटी नंबर चुकीचा टाकलाय, आणि त्यासाठी लेखा शाखेला पत्र द्यायचं, आवक शिक्का मारून त्याची पण पोच घ्यायची.

वेळेचं पण सांगा. गणपतीत ऑफिसं अर्धी रिकामी, तेव्हा तपासणी लागणारा माल पाठवू नका. आणि फेब्रुवारी संपायच्या आत बिलं आत गेली पाहिजेत, ३१ मार्चला कोषागाराच्या दारात उभं राहून काही होत नाही, निधी परत गेला की पुढच्या वर्षीच्या तरतुदीची वाट बघा.