परदेशी विक्रेत्याने बनावट माल पाठवल्यास पैसे परत कसे मिळवावेत

परदेशातून मागवलेली वस्तू बनावट निघाली की बहुतेकांना ती ताबडतोब परत पाठवावीशी वाटते. वास्तविक ते काम सर्वांत शेवटी करायचे असते. पदरमोड करून चीनला पाठवलेले पार्सल मिळालेच नाही असे विक्रेत्याने म्हटले, तर पैशांबरोबर पुरावाही हातचा जातो.

आधी पुरावा गोळा करावा. ईबे या ऑनलाइन विक्रीमंचावरून घेतलेले, नामांकित कंपनीचे नाव छापलेले 512 जीबीचे मेमरी कार्ड हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. बनावट कार्डातील कंट्रोलरमध्ये, म्हणजे कार्डाचे काम चालवणाऱ्या भागात, खोटी क्षमता भरून ठेवलेली असल्याने संगणकही 512 जीबीच दाखवतो. पण आतली चिप 32 जीबीची असेल, तर तेवढी जागा भरल्यानंतरचे फोटो नीट साठवले गेल्यासारखे दिसतात आणि उघडायला गेल्यावर उघडत नाहीत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री ही मोफत साधने पूर्ण कार्डावर माहिती लिहून ती पुन्हा वाचून पाहतात. कार्डावरील फोटो आधी दुसरीकडे उतरवून ही चाचणी करावी, निकालाचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्यासोबत वेष्टन, पाकिटावरील पत्त्याची चिठ्ठी व विक्रेत्याची मूळ जाहिरात यांचीही छायाचित्रे जपून ठेवावीत. बूट किंवा बॅग यांची अशी चाचणी होत नाही. तेथे कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी अभिप्राय मिळाला, तर तो सर्वांत वजनदार ठरतो.

त्यानंतर ईबेवरील आपल्या खरेदीच्या यादीतूनच परतीची विनंती नोंदवावी. त्यासाठी वस्तू मिळाल्यापासून 30 दिवसांची मुदत असते. कारण निवडताना वस्तू अस्सल वाटत नाही हाच पर्याय घ्यावा; ‘आता नको आहे’ असे निवडले, तर परतीचा टपालखर्च आपल्याच गळ्यात पडू शकतो. विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे 3 दिवस मिळतात आणि तेवढ्यात प्रश्न सुटला नाही, तर ईबेला मध्यस्थी करण्यास सांगता येते. या काळात विक्रेता अर्धी रक्कम देऊ करतो, व्हॉट्सॲपवर बोलू म्हणतो किंवा आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे पाठवतो असे सांगतो. तिन्ही गोष्टींना नकार द्यावा आणि तो ईबेच्या संदेशांतूनच लेखी कळवावा.

वस्तू परत मागितलीच, तर टपालखर्च विक्रेत्याने भरलेला असावा आणि पार्सलला ट्रॅकिंग क्रमांक असावा. बनावट माल पुन्हा टपालात घालण्याऐवजी तो नष्ट करावा, असाही निर्णय काही वेळा दिला जातो. तशी लेखी सूचना येईपर्यंत मात्र वस्तू मोडू नये.

विक्रीमंचाकडून न्याय मिळाला नाही, तर पैसे ज्या मार्गाने दिले तिकडे वळावे. पेपॅल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेवर पैसे भरल्यापासून 180 दिवसांत वाद नोंदवता येतो. मात्र तो नोंदवल्यावर 20 दिवसांच्या आत त्याचे दाव्यात, म्हणजे पेपॅलनेच निर्णय द्यावा अशा मागणीत, रूपांतर करावे लागते, नाहीतर तो आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडत नाही. कार्डाने पैसे दिले असतील, तर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मिळण्याची, लेखी मागणी करावी. व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत बनावट मालासाठी स्वतंत्र कारण आहे आणि तेथे कंपनीचा किंवा तटस्थ तज्ज्ञाचा अभिप्राय उपयोगी पडतो. एकाच व्यवहारासाठी तिन्हीकडे एकदम तक्रार करू नये, कारण चार्जबॅक सुरू झाल्यावर विक्रीमंच आपल्याकडील प्रकरण बंद करतो.

भारतातील ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार करता येते. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी मंचांनाही लागू आहेत. तरी चीनच्या शेनझेन शहरातल्या एखाद्या किरकोळ विक्रेत्याकडून त्या वाटेने वसुली होईल यावर फारसे विसंबू नये.

परतावा डॉलरमध्ये पूर्ण आला, तरी विनिमयदर आणि बँकेचे शुल्क यांमुळे रुपयांत थोडी तूट दिसू शकते. तिच्यासाठी नव्याने तक्रार करण्यात अर्थ नाही.