आधुनिक इंग्रजी कवितेतला एकटेपणा कसा वाचावा: ‘मिस्टर ब्लीनी’च्या आधारे

रोजच्या जगण्यावरची आधुनिक इंग्रजी कविता पहिल्या वाचनात अवघड वाटत नाही, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. शब्द ओळखीचे असतात, वस्तू घरगुती असतात, पुराणकथांचे संदर्भ नसतात. त्यामुळे वाचक ‘आधुनिक माणसाचे एकाकीपण’ असे एक तयार वाक्य लिहून मोकळा होतो. हे वाक्य असंख्य कवितांना लागू पडते, म्हणूनच ते हातातल्या कवितेविषयी काहीच सांगत नाही. अशी कविता कोणत्या क्रमाने उलगडावी, हे येथे फिलिप लार्किन यांच्या ‘मिस्टर ब्लीनी’ या कवितेच्या आधारे मांडले आहे. लार्किन (१९२२–१९८५) हे इंग्लंडमधील हल विद्यापीठात ग्रंथपाल होते. ही कविता त्यांनी १९५५ मध्ये लिहिली आणि १९६४ च्या ‘द व्हिट्सन वेडिंग्ज’ या संग्रहात ती समाविष्ट झाली. चार-चार ओळींची सात कडवी, एकूण २८ ओळी. मूळ संहिता समोर ठेवूनच पुढचे वाचावे.

सर्वप्रथम कवितेत घडते काय, ते आपल्या साध्या मराठीत पाच-सहा वाक्यांत लिहून काढावे आणि त्यात दुःख, उदास, भकास असा एकही भावनादर्शक शब्द येऊ देऊ नये. एक बाई एका माणसाला भाड्याची खोली दाखवते. तिथे आधी ब्लीनी नावाचा भाडेकरू राहत होता. माणूस खोली पाहतो आणि घेतो. ब्लीनी झोपत असे तिथेच तो झोपतो, त्याच बशीत सिगारेटी विझवतो. ब्लीनीच्या सवयी त्याला माहीत होतात. अखेरीस ब्लीनीविषयी एक प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. एवढे लिहिताना कविता काय सांगत नाही, तेही आपोआप ध्यानात येते. ‘त्यांनी त्याला हलवले’ असे बाई म्हणते. पण कोणी आणि कुठे, याचा खुलासा होत नाही. ब्लीनीचे पहिले नाव कुठेच येत नाही. त्याचे वय किती, तो जिवंत आहे की नाही, हेही कळत नाही. या रिकाम्या जागांवर पेन्सिलीने खूण करावी आणि त्या आपल्या कल्पनेने भरण्याचा मोह टाळावा.

त्यानंतर कोण बोलते आहे, ते तपासावे. या कवितेत घरमालकिणीची वाक्ये अवतरणचिन्हांत आहेत. ‘मी घेतो ही खोली’ हे वक्त्याचे वाक्यही तसेच आहे, आणि त्याने मोठ्याने उच्चारलेले ते एकमेव वाक्य आहे. बाकी सारे त्याच्या मनात चालते. प्रत्येक कवितेत ही सोय नसते. स्टीव्ही स्मिथ यांच्या १९५७ च्या ‘नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग’ या अवघ्या १२ ओळींच्या कवितेत निवेदक, बुडून मेलेला माणूस आणि त्याच्याविषयी हळहळणारे लोक असे तीन आवाज अवतरणचिन्हांशिवाय एकमेकांत मिसळलेले आहेत. तो मदतीसाठी हात हलवत होता आणि लोकांना वाटले की तो गंमत करतो आहे. ही चूक कोणाची, हे आवाज वेगळे केल्याशिवाय कळतच नाही. म्हणून प्रत्येक ओळीच्या समासात बोलणाऱ्याचे नाव लिहावे. ‘मी’ म्हणजे कवी, असे मात्र लगेच धरू नये. लार्किन १९५५ मध्ये हलला आले आणि आरंभी भाड्याच्या खोल्यांत राहिले, ही माहिती पार्श्वभूमी म्हणून उपयोगी आहे. कवितेतला ‘मी’ तिच्यावरून ठरत नाही.

आता वस्तूंकडे वळावे. इथे घाई मुळीच करू नये, कारण अशा कवितांचा जीव वस्तूंमध्ये असतो. फुलांचे पडदे विरलेले आहेत आणि खिडकीच्या तळाला पाच इंच कमी पडतात. ६० वॅटचा दिवा, एक ताठ पाठीची खुर्ची, दारामागे खुंटी नाही, पुस्तके-पिशव्या ठेवायला जागा नाही. ‘नाही’ने नोंदलेल्या गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण खुंटी नाही हे त्यालाच जाणवते ज्याच्या हातात टांगायचा कोट आहे, म्हणजे वक्ता मनातल्या मनात तिथे राहायला लागला आहे. मग ब्लीनीच्या सवयी येतात: ग्रेव्हीपेक्षा सॉस अधिक आवडणे, उन्हाळ्याची सुट्टी फ्रिंटनला, नाताळ स्टोकला बहिणीकडे, आणि फुटबॉलच्या निकालांवर चिकाटीने पैसे लावणे. या स्थानिक तपशिलांसाठी शब्दकोशासोबत नकाशा आणि त्या काळाची माहितीही हवी. फ्रिंटन हे एसेक्समधील समुद्रकाठचे गाव आहे, स्टोक हे मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. पैसे लावण्याच्या संदर्भात कवितेत येणारे ‘फोर अवेज’ म्हणजे परक्या मैदानावर जिंकतील असे चार संघ अचूक ओळखण्याची पैज. युद्धकाळापासूनचे रेशनिंग ब्रिटनमध्ये १९५४ मध्येच संपले होते, आणि एकट्या नोकरदाराने घरमालकिणीच्या घरात खोली घेऊन राहणे, जेवायला खाली उतरणे ही तिथली सर्वसामान्य रीत होती. आपल्याकडे मुंबई-पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या वाचकाला ही खोली चटकन ओळखीची वाटेल. ती ओळख जरूर कामी आणावी, पण तिच्यामुळे ब्लीनीला दरिद्री ठरवू नये. त्याला काम होते, सुट्टी होती, बहीण होती, आणि घरमालकिणीची बाग तो मनापासून सांभाळत होता.

या तपशिलांची यादी झाली, की ही माहिती कोणाला असू शकते, असे विचारावे. तो किती वाजता खाली येई, कुठे जाई, काय खाई, हे सारे घरमालकिणीला ठाऊक असते. त्याला रात्री काय वाटत असे, याविषयी यादीत एक अक्षर नाही. माझ्या मते या कवितेतला एकटेपणा खोलीच्या दैन्यापेक्षा इथे अधिक आहे: एका माणसाच्या वर्षभराचे वेळापत्रक दुसऱ्याला पाठ होते आणि तरीही तो माणूस कळत नाही.

यापुढचे काम व्याकरणाचे आहे. शेवटची दोन कडवी, म्हणजे पूर्ण आठ ओळी, एकच वाक्य आहे. त्याचा आरंभ ‘इफ’ने होतो, म्हणून मराठी वाचक ‘जर’ असा अर्थ लावून ‘तर’ची वाट पाहतो. ब्लीनीनेही ढग विस्कटणारा गार वारा पाहिला असेल, कुबट अंथरुणावर पडून ‘हेच माझे घर’ असे स्वतःला सांगितले असेल, आपण जसे जगतो त्यावरूनच आपले मोजमाप होते या भीतीने तो शहारला असेल, या वयात दाखवण्यासारखी एक भाड्याची खोलीच असेल तर आपली तेवढीच लायकी, असे त्याने मानले असेल, असे वाक्य वाढत जाते. पण ‘तर’ येत नाही. अगदी शेवटी ‘मला ठाऊक नाही’ एवढेच येते, आणि तेव्हा त्या ‘इफ’चा अर्थ ‘असे झाले की नाही’ असा होता, हे उमगते. म्हणून लांब वाक्याचे मुख्य क्रियापद आधी शोधून अधोरेखित करावे आणि बाकीची उपवाक्ये त्याच्याशी जोडून पाहावीत. तसे केले, की ही भीती ब्लीनीची असल्याचे कवितेने कुठेच म्हटलेले नाही, हे स्पष्ट दिसते. ती भीती शब्दांत मांडणारा वक्ता आहे, आणि या क्षणी त्या अंथरुणावर तोच पडलेला आहे.

नादासाठी कविता एकदा मोठ्याने वाचावी. ओळींमध्ये साधारणपणे पाच आघात, म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या पाच जागा, आहेत आणि एकाआड एक ओळींत यमक आहे, पण वाक्ये कडव्याच्या शेवटी न थांबता पुढे वाहतात, त्यामुळे बोलण्याचा ओघ टिकतो. लार्किन यांच्या स्वतःच्या आवाजातील काव्यवाचनाची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. ती ऐकावीत, मात्र स्वतः वाचून झाल्यावर.

अर्थ लिहायला बसाल, तेव्हा प्रत्येक विधानासमोर कवितेतील ओळीचा क्रमांक टाकावा, आणि ज्या विधानाला ओळ सापडत नाही ते खोडावे. ‘ब्लीनी एकाकी होता’ हे विधान या कसोटीवर टिकत नाही. ‘ब्लीनी एकाकी होता का, हे वक्त्याला कळू शकत नाही, आणि तो प्रश्न त्याला स्वतःपासून वेगळा करता येत नाही’ हे विधान टिकते, कारण त्याला २१ ते २८ या ओळींचा आधार आहे.