बेसबॉलचे फोटो काढताना आधी रनर कुठे आहे ते बघा

पुण्यात खेळाचे फोटो काढायला लागलेली बहुतेक मुलं क्रिकेटवर हात बसवून आलेली असतात. बॅट्समनवर फोकस आणि बटणावर बोट, एवढंच. हीच सवय बेसबॉलला लावली तर कार्ड भरतं खरं, पण हाती लागतात बॅट फिरवणाऱ्या मुलांचे एकसारखे फोटो. क्रिकेटमध्ये चेंडू मारून जागेवर उभं राहता येतं. इथे चेंडू जमिनीवरून फेअर, म्हणजे दोन फाउल रेषांच्या आत, गेला की बॅटरला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं, आणि त्या बेसवर आधीच कोणी (म्हणजे रनर) असेल तर त्यालाही दुसऱ्याकडे सुटावं लागतं. त्यामुळे गंमत कुठे घडणार, हे पिचरने चेंडू टाकायच्या आधीच बऱ्यापैकी ओळखता येतं.

पहिल्या बेसवर रनर आहे आणि अजून दोन आउट झालेले नाहीत, असं समजा. मी तेव्हा पहिल्या बेसच्या बाजूला, फाउल रेषेच्या बाहेर बसतो. ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) पडला की चेंडू दुसऱ्या बेसवर येतो. तिथला फील्डर घसरत येणाऱ्या रनरला चुकवत पहिल्या बेसकडे थ्रो करतो, म्हणजे त्याचं तोंड थेट तुमच्याकडे असतं. उजव्या हाताचा बॅटरही याच बाजूने समोरून दिसतो; डावखुऱ्यासाठी तिसऱ्या बेसकडे जा. तसंच दोन आउट व्हायच्या आधी रनर तिसऱ्या बेसवर असताना आउटफील्डमध्ये उंच चेंडू उडाला, तर सगळं मैदान वर बघतं. तुम्ही बघू नका. कॅच झाल्यावर रनर रन काढायला घराकडे सुटणार, म्हणून फोकस होम प्लेटवर (बॅटर उभा असतो तिथे) आणि तिथल्या कॅचरवर ठेवा. ही एक सवय लागली की निम्मं काम झालं.

बॅटला चेंडू लागतानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो. हिशोब करून बघा. ताशी १०० किलोमीटरने येणारा चेंडू सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जातो, म्हणजे सेकंदाला १० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन फ्रेमच्या मधे पावणेतीन मीटर. प्रत्यक्ष टक्कर तर जेमतेम एक मिलिसेकंदाची. बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) लावून तो क्षण सापडला तर ते नशीब. त्यापेक्षा बॅट फिरायला लागताच एकदाच दाबा. सरावाने हात बसतो. शटर १/१००० ला चेंडू लांबट दिसतो, म्हणून उजेड असेल तर १/२००० ठेवा.

उजेडाचं मात्र पुण्यात कठीण आहे. आपल्याकडे बेसबॉल बहुतेक वेळा दुसऱ्याच खेळाच्या मैदानावर फक्कीने चार बेसचा डायमंड आखून होतो, आणि मॅच हमखास भर दुपारी लावतात. वरून ऊन, कॅपची सावली नाकापर्यंत, चेहरा काळा. कॅमेरा पांढरा युनिफॉर्म बघून एक्सपोजर खाली आणतो, म्हणून चेहरा बघून मॅन्युअलवर ठरवा, कपडे थोडे उजळले तरी चालतील. पाच वाजले की दुसरी पंचाईत: साध्या ७०-३०० लेन्सचं अपर्चर झूमच्या टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडतं, आयएसओ चढवावा लागतो. तरी सुरुवातीला तीच लेन्स घ्या, सेकंड-हँड मिळाली तर उत्तम. ७०-२०० एफ २.८ फायनलपुरती भाड्याने आणता येते. आउटफील्डरच्या मागे लागू नका, तो लेन्सच्या आवाक्याबाहेर असतो.

एक गोष्ट दटावून सांगतो: पिचर हातात चेंडू घेऊन उभा असताना मागच्या स्क्रीनवर फोटो तपासायचे नाहीत. आपल्या मैदानांवर कडेला जाळी असेलच असं नाही, आणि फाउल चेंडू विचारून येत नाही. बसण्याची जागा अंपायरला आधी दाखवून घ्या. जाळीमागून काढायची वेळ आलीच, तर लेन्स तारेला टेकवून अपर्चर पूर्ण उघडा. तार जवळजवळ दिसेनाशी होते.

सरावाला सॉफ्टबॉल चांगला. शाळा-कॉलेजांत तो खेळला जातो, बेस ६० फुटांवर असतात (बेसबॉलमध्ये ९०), त्यामुळे सगळं जवळ घडतं आणि लहान लेन्स पुरते. खेळाडू अठरा वर्षांखालचे असतील तर फोटो कुठेही टाकण्याआधी कोच आणि पालकांना विचारा.

पैशांचं सांगायचं तर फक्त बेसबॉलवर घर चालत नाही. कॉलेज, पालक, एखादं स्थानिक दैनिक, असं जोडून काम मिळतं. दैनिकाला चेहरा, चेंडू आणि दोन्ही संघांच्या जर्सी एकाच चौकटीत हव्या असतात, आणि खाली अचूक नावं. म्हणून मॅच सुरू व्हायच्या आधी स्कोअररकडे जाऊन लाइनअपच्या कागदाचाच फोटो काढून ठेवा, जर्सी नंबरासकट. स्कोअररशी गोड बोला, चहा पाजा. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून ठेवा, म्हणजे कुठला रन कुठल्या इनिंगमधला हे रात्री शोधत बसावं लागत नाही.