ब्रिज पिकअप एकटा दणदणीत, नेकसोबत पोकळ

बनवून घेतलेल्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये ब्रिजजवळचा नवा हमबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग) एकटा भरदार वाजायचा. स्विच मधे आणला, म्हणजे मानेजवळचा नेक पिकअपही सोबत चालू केला, की बेस गायब, आवाज नाकातला. उंची बदलली, पॉट (आवाज-टोनची बटणं) बदलले, स्विचही बदलला. डोकं पिकलं.

कारण होतं उलटी फेज: दोन पिकअपचे सिग्नल उलट दिशेने जाऊन एकमेकांना खोडत होते. दोन्ही पिकअप सोडवून मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवला, लाल टोक हॉटला (सिग्नलच्या तारेला), काळं ग्राउंडला. स्क्रूड्रायव्हर पोलपीसला (पिकअपवरच्या धातूच्या खुंटीला) टेकवून झटकन उचलला: नेकचा आकडा क्षणभर वर उडाला, ब्रिजचा खाली. मग ब्रिजच्या हॉट आणि ग्राउंडच्या तारांची अदलाबदल केली. शिल्डची (गुणगुण अडवणाऱ्या आवरणाची) उघडी तार मात्र ग्राउंडलाच, नाहीतर गुणगुण वाढते. बेस परतला.

हे शिल्डची तार वेगळी असलेल्या पिकअपमध्ये सहज जमतं, उदाहरणार्थ चार-तारी. जाळीच्या एकतारी केबलमध्ये शिल्ड हेच ग्राउंड, म्हणून निवडताना चार-तारीच घ्या.