टेन्शन आलं की दोन पेग, त्याऐवजी काय करता येईल?

सगळ्यात आधी हे वाचा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो आणि थोडी घेतली की बरं वाटतं असं होत असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. गटारी झाली की दुसऱ्या दिवसापासून श्रावण कडक पाळणारे असतात ना, त्यातल्या रोजच्या गड्यांना हाच धोका असतो. डॉक्टरकडे जा आणि खरं प्रमाण सांगा, क्वार्टर असेल तर क्वार्टर म्हणा, "कधीतरी घेतो" नको. डॉक्टर औषधं देऊन तेवढे दिवस सांभाळून नेतात.

आता बाकीच्यांचं, म्हणजे माझ्यासारख्यांचं. मी काही बेवडा नव्हतो (असं माझं मत, बायकोचं वेगळं होतं) पण साहेबाने झापलं की दोन पेग, ईएमआय कापला गेला की दोन पेग, घरी वाजलं की दोन, आणि नंतर नंतर तर काहीच झालं नाही तरी दोन. चारपाच वेळा सोडून बघितली, टिकली नाही, कारण मी फक्त प्यायची नाही एवढंच ठरवायचो आणि मग साडेसात वाजले की करायचं काय हे ठरलेलंच नसायचं.

त्यामुळे पहिलं काम, आठवडाभर मोबाईलमध्ये नोंद करा. प्यायलात तरी करा. किती वाजता तलफ आली, त्याआधी काय झालं होतं, शेवटचं कधी खाल्लं होतं, बास. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसवाले, म्हणजे एएवाले, चार गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. मला खात्री होती की माझं पिणं टेन्शनचं आहे, आणि नोंदीत निघालं काय तर भूक! दुपारी एकला डबा, त्यानंतर संध्याकाळपर्यंत नुसता चहा, मग ट्रेनमधून चेंगरून उतरलो की स्टेशनबाहेरच्या परमिट रूमचा बोर्ड दिसणारच. मग मी साडेपाचला ऑफिसातच काहीतरी पोटभरीचं खायला लागलो, शेंगदाणे-गूळ, केळी, कधी शिळ्या पोळीचा लाडू, आणि स्टेशनच्या दुसऱ्या बाजूने उतरायला लागलो. हसू येईल पण निम्मी तलफ इथेच गेली.

उरलेली निम्मी चिवट असते. एक लक्षात ठेवा, तलफ लाटेसारखी येते, चढते आणि साधारण वीस मिनिटं, फार तर अर्ध्या तासात ओसरते, तुम्ही काही केलं नाहीत तरी. तेवढा वेळ हातापायांना काम द्या. थंड पाण्याने अंघोळ, सोसायटीला चार चकरा, भांडी घासणं (हो, भांडी, माझं हेच चालतं). हातात ग्लास लागतोच असं असेल तर कोकम सरबत घ्या, भरपूर बर्फ घालून. लेखक अनिल अवचटांचं आठवतं, बासरी, ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम, माणूस सतत हाताने काहीतरी करत असायचा. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण एखादा हातचा छंद जरूर बघा, रील्स बघत बसणं यात धरू नका.

रागासाठी वेगळं औषध. ज्याच्यावर राग आहे त्याला जे बोलायचंय ते लिहून काढा आणि पाठवू नका, सकाळी वाचा. पैशाचं टेन्शन असेल तर देणी कागदावर मांडा, कुणाचे किती, कधी द्यायचेत. आकडा मोठाच असतो पण डोक्यात फिरतो तेव्हा त्याहून मोठा वाटतो. झोपेसाठी घेत असाल तर दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्रीची झोप तुटते, तीनला जाग येते, घसा कोरडा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थकवा, पुन्हा तलफ.

एकटेपणाचं मात्र एकट्याने होत नाही. एएच्या मीटिंगला फी नसते, सोडायची इच्छा एवढीच अट. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. आणि आज रात्रीच कुणाशी बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. मला पहिल्यांदा फोन लावायला फार लाज वाटली होती, तीनदा कट केला.

मधे घसरलात तर नोंदीत लिहा काय झालं होतं ते, आणि उद्यापासून परत. "आता प्यालोच आहे तर खंबाच आणू" हे नको.

मित्र "आज बसायचं का" विचारणारच. जायचं असेल तर जेवून जा, आपली गाडी घेऊन जा म्हणजे कधीही निघता येतं, आणि कारणं देत बसू नका, "नको रे आज" पुरतं. गेल्या गटारीला मी मटण हाणलं आणि साडेनऊला निघालो, चखण्यातले शेंगदाणे मात्र खिशात घेऊन आलो.